सात धारांची तोटी

बुधवारी दुपारी वाऱ्याने यारिंडा गावावर लाल धूळ ओतली, आणि ती नीट चिकटावी म्हणून की काय, मागोमाग पावसाचे मोजून चाळीस थेंब पडले. त्यातले निम्मे तरी लिंडसे पास्कोच्या गाडीवर पडले असावेत. क्रीम रंगाची ती जुनी होल्डन एका तासात विटेसारखी झाली. एरवी कुणी तिकडे ढुंकून पाहिलं नसतं. गावात पाच वर्षं धड पाऊस नव्हता, सगळ्यांच्याच गाड्या मळलेल्या असत. पण शनिवारी दुपारी दोन वाजता लिंडसेच्या एकुलत्या एक मुलीचं, केरिनचं, लग्न होतं आणि केरिन याच गाडीत बसून चर्चला जाणार होती.

म्हणजे लिंडसेचं म्हणणं तसं होतं. होणाऱ्या व्याह्यांचं म्हणणं निराळं. रॉड्रिक ॲशकोम हे शहरातले दातांचे डॉक्टर. त्यांनी नवरीसाठी एक लांबलचक पांढरी गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने ठरवून टाकली होती. फोनवर दोघांची बरीच गोड गोड खेचाखेच झाली आणि शेवटी तह झाला.

"असं करू," डॉक्टर म्हणाले, "शनिवारी दीड वाजता मी तुमच्याकडे येतो. तुमची गाडी नवरीला बसण्यासारखी दिसली, तर तुमची. नाहीतर माझी दारात उभीच आहे."

"या की," लिंडसे म्हणाला. "गॉगल घालून या. डोळे दिपतील."

हे बोलणं मंगळवारचं. बुधवारी धूळ आली. माणसाने मंगळवारी कधी फुशारकी मारू नये.

लिंडसे रेल्वेत सिग्नलवर होता, नुकताच निवृत्त झालेला. जन्मल्यावर केरिनला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून, शाळेत पहिल्या दिवशी सोडलं ते याच गाडीतून. आता मागच्या सीटवर तिला शेवटचं एकदा मुलगी म्हणून बसवायचं आणि आपण पुढे गाडी चालवायची, एवढीच त्याची हौस होती. तेवढ्यासाठी तो दातांच्या डॉक्टरांशीच काय, प्रत्यक्ष बिशपशी भांडला असता.

आता तुम्ही म्हणाल, फडकं घ्यायचं आणि पुसायची. इथेच तर सगळी मेख आहे. ती धूळ म्हणजे वाळूच. फडकं फिरवलं की धुळीबरोबर रंगही निघतो. आधी वरून हलक्या पाण्याने तिला भिजवून, समजूत काढून खाली उतरवावी लागते. म्हणजे पाइप हवा. आणि पाइपचं म्हणाल, तर यारिंडाच्या नगरपालिकेचे नियम लिंडसेला तोंडपाठ होते. विषम नंबरच्या घरांनी विषम तारखेला पाणी वापरायचं, सम घरांनी सम तारखेला. वेळ सकाळी सहा ते दहा. गाडी गवतावर उभी करायची, म्हणजे पाणी गवताला मिळतं. आणि पाइपच्या टोकाला खटका असलेली तोटी हवीच हवी, खटका सोडला की पाणी बंद. लिंडसेचं घर सतरा नंबरचं. गुरुवारी तारीख एकोणतीस. सगळं जमत होतं. फक्त त्याची तोटी बापाच्या वेळची पितळी होती आणि तिला खटका नव्हता.

गुरुवारी आठ वाजता तो क्लेमच्या दुकानात हजर झाला. क्लेम चाळीस वर्षं खिळे-मोळे, नळ-पाइप विकत होता आणि सल्ला फुकट देत होता.

"तोटी हवीय एक," लिंडसे म्हणाला. "गाडी धुवायला."

क्लेमने डॉक्टरसारखा दीर्घ श्वास घेतला. "धूळ कोरडी, की भिजून वाळलेली?"

"भिजून वाळलेली."

"अरेरे," क्लेम म्हणाला, आणि त्याला हाताला धरून मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. जमिनीपासून छतापर्यंत भिंतभर तोट्या टांगल्या होत्या. लिंडसेला वाटत होतं, जगात तोट्या दोन. एक चालणारी, एक गळणारी.

"ही बघ. बंबवाल्यांची जात. हिने चिमणीवर नेम धरलास ना, तर चिमणी शेजारच्या गावात उतरते. तुझ्या गाडीचा रंग राहायचा नाही. ही दुसरी, बागेतली. गुलाबाला ठीक, गाडीला गुदगुल्या होतील. आणि ही," क्लेमचा आवाज खाली आला, "ही सात धारांची. चकती फिरवायची. तुषार, फवारा, पंखा, शंकू, सरळ धार, पावसाची सर, आणि हे सातवं."

"सातवं काय?"

"ते कुणालाच माहीत नाही. पण सातवं नसलेली तोटी कुणी घेत नाही."

"जरा चालवून दाखव ना."

"पाणी कुठलं आणू? दुकानाचा नंबर बावीस, आज एकोणतीस." क्लेमने क्षणभर विचार केला आणि तोंडानेच चालवून दाखवायला सुरुवात केली. "हा तुषार. फुस्स्स. हा फवारा. शुर्र्र्र. हा पंखा. श्शाऽऽ."

"पंखा आणि फवारा सारखाच वाटतोय."

"सारखा? कान तपासून घे. नीट ऐक." क्लेमने पुन्हा केलं. तोवर दुकानातली आणखी दोन गिऱ्हाइकं जवळ आली होती. एकाचं म्हणणं पडलं की पंख्यात 'श' जास्त हवा. दुसरा म्हणाला, तोटी कुठलीही घे, पण फेस काढणारी बाटली घेतल्याशिवाय जाऊ नकोस, माझ्या मेव्हण्याने घेतली आणि त्याचा संसार सुधारला. मग लांब दांड्याचा ब्रश निघाला. त्या ब्रशच्या आतून पाणी येतं म्हणे. त्यावर वाद झाला. गाडीला ब्रश लावणाऱ्याला गाडी द्यावी का, इथपर्यंत तो गेला.

लिंडसेने अखेर सात धारांची तोटी आणि फेसाची बाटली घेतली. घरी पोचून घड्याळात पाहिलं तर सव्वादहा.

"झाली वेळ," नोला, त्याची बायको, म्हणाली. "दोन तास लागले तोटीला! मला पसंत करायला तुला दहा मिनिटं लागली नव्हती."

"तेव्हा क्लेम नव्हता बरोबर." लिंडसेने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "उद्या तीस, समवाल्यांचा दिवस. परवा शनिवार, एकतीस. विषम! सकाळी दोन तासांत गाडी आरशासारखी करतो. काळजीच सोड."

शुक्रवारी त्याने स्वयंपाकघरात कोरडा सराव केला. चकती फिरवायची, नेम धरायचा, खटका दाबायचा आणि तोंडाने आवाज काढायचा. "फुस्स्स. शुर्र्र्र."

"लिंडसे," नोला म्हणाली, "गाडी तोंडानेच धुणार असशील, तर बाहेर जाऊन धू. केकवर थुंकी उडतेय."

शनिवारी सहाच्या ठोक्याला गाडी गवतावर उभी होती. लिंडसेने पाइप ओढला, नवी तोटी टोकाला लावली. ती लागेना. दाबून पाहिली, फिरवून पाहिली, आईबापावरून बोलून पाहिली. मग त्याच्या लक्षात आलं. पाइप पाऊण इंची आणि तोटी अर्धा इंची. धारा सात मोजून घेतल्या, भोक एकच होतं ते कुणी मोजलं नाही.

दुकान आठला उघडलं. पण शनिवार असल्यामुळे क्लेम गल्ल्यावर नव्हता, तो दुकानाच्या दारात अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठी सॉसेज भाजत होता. पुढे ही रांग. आणि सॉसेज न घेता रांगेत पुढे घुसणारा माणूस त्या गावात दुसऱ्या दिवशी तोंड दाखवू शकत नाही. लिंडसे रांगेत उभा राहिला.

"पाऊण इंची?" क्लेमने चिमटा हवेतच थांबवला. "मग काल का नाही बोललास?"

"काल नव्हे, परवा. आणि तू विचारलंस कुठे? तू धुळीची चौकशी करत होतास!"

"पाइपची चौकशी आधी करायची, हे पोरंही जाणतात. कांदा घालू?"

कांदा घातलेलं सॉसेज एका हातात आणि पाऊणला अर्धा जोडणाऱ्या तीन वेगवेगळ्या जोडण्या दुसऱ्या हातात घेऊन लिंडसे घरी पोचला तेव्हा सव्वानऊ झाले होते. तिसरी जोडणी बसली. टक् असा आवाज झाला आणि त्याला एवढं बरं वाटलं की त्याने तोटीची पापी घेतली. चकती 'फवारा'वर. नेम गाडीच्या उजव्या बाजूवर. खटका दाबला. शुर्र्र्र! हुबेहूब क्लेमसारखा आवाज.

"लिंडसे पास्को! खटका सोड!"

त्याने आवाज ऐकताच खटका सोडला. त्या आवाजाला अख्खी गल्ली असंच करायची. समोरच्या बारा नंबरच्या दारात थेल्मा नॉस्केबाई उभ्या होत्या. वय ऐंशी, उंची पाच फूट, आणि गावातल्या पाण्याचा थेंब न् थेंब त्यांच्या नजरेखालून जायचा. दोन वर्षांपूर्वी लिंडसेने सम तारखेला टोमॅटोच्या रोपांना पाणी घातलं होतं, तेव्हा नगरपालिकेचं पत्र तिसऱ्या दिवशी घरात पडलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं जेवढ्यास तेवढं.

"बाई, आज एकतीस," लिंडसे म्हणाला. "एकतीस विषम. माझं घर सतरा, तेही विषम. तोटीला खटका आहे, गाडी गवतावर आहे. आता काय राहिलं?"

"उद्या किती तारीख?"

"उद्या एक."

"एक सम का विषम?"

"वि..."

"म्हणजे तुम्हा विषमांची लागोपाठ दोन दिवस चैन! आणि आम्ही समांनी काय दारात उभं राहून तुमच्या आंघोळी बघायच्या? म्हणून एकतीस तारखेला कुणीच पाणी वापरायचं नाही. नियम अकरा, पोटनियम दोन. मी स्वतः पत्रं लिहून करून घेतलाय तो."

लिंडसेच्या तोंडचं पाणी पळालं. गाडीवरचं मात्र पळालं नव्हतं, ते उजव्या बाजूने ओघळत होतं. धूळ अर्धवट भिजून तिचा चिखल झाला होता आणि उन्हात डोळ्यांदेखत वाळत होता. आधी निदान गाडी एकसारखी मळलेली होती. आता तिच्यावर पट्टे उठले.

डोक्याला रोलर लावलेली केरिन आवाज ऐकून बाहेर आली. तिने गाडीकडे पाहिलं. "बाबा, हे काय? गाडीचा वाघ केलास?"

"होईल गं ठीक."

"राहू दे ना रे. त्या पांढऱ्या गाडीत बसेन मी. मला काय, कुठूनही पोचलं की झालं."

ती समजूत घालायला बोलली होती, पण लिंडसेला ते असं लागलं की तो जवळच्या बादलीवर मटकन बसला. हातात तोटी तशीच. रडू येत होतं आणि ते तो लपवतही नव्हता. केरिन त्याच्या खांद्यावर थोपटत राहिली, पण आतून नोलाने हाक मारली, केस वाळत होते, ती गेली.

नॉस्केबाई रस्ता ओलांडून आल्या. थोडा वेळ त्यांनी गाडीकडे पाहिलं, थोडा वेळ लिंडसेकडे.

"नियम नळाच्या पाण्याचा आहे," त्या म्हणाल्या. "टाकीतल्या पावसाच्या पाण्याला नियम नाही."

"माझी टाकी केव्हाच कोरडी पडलीय."

"माझी नाही. नळाच्या पाण्याचा चहा मी पीत नाही. जपून ठेवलंय." केरिन गेली त्या दाराकडे त्यांनी पाहिलं. "तिच्या लग्नाच्या यादीत माझं नाव नाही."

लिंडसेने मान खाली घातली. टोमॅटोच्या पत्राचा राग त्याने आमंत्रणात काढला होता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली. "चुकलं माझं, बाई. या ना तुम्ही. अगदी पुढच्या रांगेत."

"पुढची नको. मागची चालेल. केक दिसला पाहिजे."

पाइप बाईंच्या टाकीच्या नळाला लागला. लिंडसेने चकती 'फवारा'वर ठेवून खटका दाबला. तोटीतून पाण्याची एक करंगळीएवढी धार आली आणि त्याच्या बुटावर पडली. 'पंखा'. करंगळी. 'शंकू'. करंगळी.

"टाकीच्या पाण्याला जोर नसतो," बाई म्हणाल्या. "सातवं काय आहे ते लाव."

त्याने सातवं लावलं. करंगळीही बंद झाली.

तोटी आणि बाटली गवतावर पडली. बाई आत गेल्या आणि पत्र्याची झारी घेऊन आल्या, बागेत रोपांना घालतात ती, तोंडाशी चाळणी असलेली. "बारा झाऱ्या देईन. तेराव्याला माझा चहा जातो."

बारा झाऱ्यांत सगळी गाडी होणार नव्हती, हे रेल्वेच्या माणसाने लगेच ताडलं. वरचं टप, पुढची काच आणि एक बाजू. कुठली? गाडी चालणार रस्त्याच्या डावीकडून. चर्च डाव्या हाताला. केरिन उतरणार डावीकडून, पाहुणे उभे असणार डावीकडे. डावीच! झारीतून पाणी पडायला लागलं. इतकं हळुवार की धूळ भांडण न करता उतरत गेली. मऊ फडकं फिरलं. बारावी झारी संपली तेव्हा गाडीची डावी बाजू अशी चकाकत होती की नॉस्केबाईंनी तिच्यात बघून टोपी सारखी केली.

दीड वाजता डॉक्टर ॲशकोम आले. होल्डनची उजवी बाजू कुंपणाला चिकटवून उभी होती.

"वा," डॉक्टर डाव्या बाजूने फिरले. "वा! काय वापरलंत?"

"तोटी," लिंडसे म्हणाला. "सात धारांची."

डॉक्टर मागून वळसा घालून उजवीकडे निघाले, तशा नॉस्केबाई केकचे तुकडे भरलेली थाळी घेऊन कुंपण आणि गाडी यांच्यामधल्या फटीत उभ्या राहिल्या. "घ्या ना. अजून एक घ्या. दातांचं काय, तुमच्या हातातच आहे."

तिसऱ्या तुकड्याला डॉक्टरांनी हार मानली. "तुमचीच गाडी, पास्को. जिंकलात. मी हॉटेलवरून बायकोला घेऊन येतो."

नोला करवल्यांबरोबर आधीच गेली होती. मागे डाव्या बाजूला केरिन, पुढे लिंडसेशेजारी नॉस्केबाई. उजवीकडची काच चिखलाने बंद झालेली, म्हणून लिंडसेने आपली काच खाली करून ठेवली होती.

"बाबा," मागून केरिन म्हणाली, "पलीकडच्या खिडकीतून काहीच दिसत नाही."

"डावीकडे बघ, बाळा. आज सगळं डावीकडे आहे."

ती खुदकन हसली आणि मागून हात पुढे करून तिने त्याचा कान ओढला, लहानपणी ओढायची तसा. लिंडसेला वाटलं, चर्च अजून चार मैल लांब असतं तर बरं झालं असतं.

चर्चच्या रस्त्याच्या तोंडाशी फुलवाल्याची गाडी बंद पडून आडवी उभी होती. पोलीस शिपायाने हात केला. "लिंडसे, मागून वळसा घालून ये! पलीकडच्या टोकाने!"

पलीकडच्या टोकाने म्हणजे चर्च उजव्या हाताला.

लिंडसेने ब्रेक दाबला. पण लग्नाची वेळ झाली होती, दुसरा रस्ता नव्हता. होल्डन वळली आणि वाळलेल्या चिखलाचे पट्टे सगळ्या गावाच्या तोंडासमोर मिरवत चर्चसमोर येऊन थांबली. दीडशे माणसं माना पुढे काढून बघू लागली. लिंडसे समोर बघत बसला. कान तापून लाल झालेले.

गर्दीतून क्लेम पुढे आला. अंगात सूट, सुटाला कांद्याचा वास. त्याने चिखलाकडे पाहिलं, लिंडसेकडे पाहिलं, आणि डोक्यावरची हॅट काढली.

"बघा रे," तो मोठ्याने म्हणाला. "या माणसाने माझ्याकडून सात धारांची तोटी नेली. फेसाची बाटली नेली. जोडण्या तीन नेल्या. घरात सगळं सामान, दारात पोरीचं लग्न, तरी आज एकतीस म्हणून गड्याने पाणी उडवलं नाही!"

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. गव्हाच्या शेतांवरून आलेली, वर्षानुवर्षं आंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडांना घालणारी माणसं ती. काही जणींनी तर डोळे पुसले. लिंडसेने तोंड उघडलं. खरं सांगावं असं त्याला मनापासून वाटत होतं. सकाळी साडेनऊला दाबलेला तो खटका त्याच्या मनात टोचत होता. त्याने भीत भीत शेजारी पाहिलं.

नॉस्केबाई दार उघडून उतरल्या होत्या. दीडशे माणसं त्यांच्याकडे बघू लागली, कारण पाण्याच्या बाबतीत त्या म्हणतील ते प्रमाण.

"मी सकाळपासून तिथेच होते," नॉस्केबाईंनी जाहीर केलं. "नळाचा एक थेंब नाही."

हे ऐंशी वर्षांतलं त्यांचं पहिलंच खोटं असावं. त्यांनी ते इतकं सरळ मान ठेवून सांगितलं की लिंडसेला क्षणभर स्वतःचाच संशय आला. केरिन डाव्या दाराने उतरून गाडीला वळसा घालून आली, तिने बापाचं दार उघडलं आणि त्याला हात दिला. "चल बाबा. छाती जरा कमी फुगव, बटण तुटेल."

एवढ्यात रस्त्याच्या टोकाला पांढरी गाडी दिसली. लांबलचक, दुधासारखी स्वच्छ, चाकांपासून टपापर्यंत ऊन परतवणारी. टाळ्या थांबल्या. गाडी उभी राहिली, आतून हसतमुखाने डॉक्टर उतरले आणि त्यांना समोर दीडशे न हसणारे चेहरे दिसले.

"चांगलीच धुतलीय," मागून एक जण म्हणाला.

"सकाळीच धुतलेली दिसते," दुसरा म्हणाला.

"आज तारीख किती हो, डॉक्टर?" नॉस्केबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी होल्डनची उजवी बाजू पाहिली. मग स्वतःच्या गाडीकडे पाहिलं, मग लोकांकडे. शिकलेला माणूस, चटकन समजला. तो लिंडसेच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "व्याही, इथे जवळपास एखादा कच्चा रस्ता आहे का?"

"स्टेशनच्या मागून जा," लिंडसे मोठ्या मनाने म्हणाला. "जोरात न्या. आणि काचा बंद ठेवा."

लग्न बारा मिनिटं उशिरा लागलं. नवरी वेळेवर हजर होती, नवरदेवही होता. नवरदेवाचे वडील तेवढे गाडी मळवायला गेले होते.